शाल उतरवायची नाही

मी, ओटिली टाउसिग, कै. इग्नात्स व कै. बेर्टा टाउसिग यांची मुलगी, वय वर्षे पंच्याऐंशी, धंदा पूर्वी टोप्या शिवणे व सध्या जिना चढणे, राहणार पोर्ट्सेलानगासे, नववा जिल्हा, व्हिएन्ना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. श्टाइनित्स यांनी दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला, तेव्हा तो सांगून मी त्यांना त्यांच्या बायकोचा वाढदिवस काल होऊन गेल्याची आठवण करून दिली. ते घाईने निघून गेले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझा भाचा गिदोन याने हैफाहून फोनवर ते आणण्याचा प्रयत्न केला होता, पण मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि अशा वेळी मी फोन त्याच कानाला लावते.

यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले एक मी गिदोनवर रागावून केले होते. तेही.

कलम पहिले. मला मुख्य कबरस्तानात चौथ्या फाटकाच्या बाजूला पुरावे. फुले आणू नयेत, आम्हा ज्यूंमध्ये ती ठेवत नाहीत. गिदोनला हे माहीत असायला हवे, तरी तो आणील. दगडावर आधी माझ्या आईवडिलांची नावे कोरावीत, कारण त्यांना स्वतःचा दगड नाही. मग भाऊ फेलिक्सचे, म्हणजे गिदोनच्या वडिलांचे नाव. त्याला हैफात दगड आहे, पण आमच्यातून त्यालाच वगळले तर तो कुरकुर करील. माझे नाव शेवटी, आणि त्याखाली काही लिहू नये.

कलम दुसरे. मी राहते ते घर भाड्याचे आहे, त्यामुळे ते कोणाला देण्याचा प्रश्न नाही. आमचे घर याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होते. ते १९३८ मध्ये गेले आणि परत मिळाले नाही. आज तिथे डॉ. हुत्स्लर दातांचा दवाखाना चालवतात. माझ्या वडिलांच्या जेवणघरात, जिथे आमचे टेबल असे, तिथल्या खुर्चीत बसून मी दोन दाढा काढून घेतल्या आहेत. डॉक्टर सज्जन आहेत. त्यांना हे सारे कळले त्या दिवसापासून ते माझ्याकडून फी घेत नाहीत, आणि मला मात्र दाढा उरलेल्या नाहीत.

टोप्यांचे लाकडी साचे, वाफेची किटली आणि मोठी कात्री हे सर्व नाट्यशाळेच्या कपडेपटाला द्यावे. कात्रीने कागद कापू नये. कापल्यास मला कळेल.

बँकेतली शिल्लक हैफातल्या त्या वृद्धाश्रमाला द्यावी, जिथे फेलिक्स शेवटची वर्षे राहिला आणि जिथल्या जेवणाला रोज नावे ठेवत दोन वेळा वाढून घेत असे.

कलम तिसरे. सुपाचे मोठे चिनी मातीचे भांडे, पांढरे, कडेला हिरवी वेल, झाकणाची मूठ तुटकी.

हे भांडे माझ्या आईचे. मूठ फेलिक्सने तोडली. मी १९४७ मध्ये इंग्लंडहून परत आले आणि याच इमारतीत वरच्या मजल्यावरची ही खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच रविवारी आमच्या जुन्या घरासमोरच्या वोंड्राचेककाकूंनी मला जेवायला बोलावले. त्या आईच्या वयाच्या. मी लहान असताना त्यांच्या मांडीवर खेळलेली. त्यांनी टेबलावर यकृताच्या गोळ्यांचे सूप आणून ठेवले. ते आमच्या भांड्यात होते.

मी म्हटले, "काकू, हे आमचं भांडं आहे."

"हो गं. तुझ्या आईनं सांभाळायला दिलं होतं."

"मग आता मी आले आहे."

त्यांनी माझ्या ताटलीत सूप वाढले. "टिली, खरं सांगते, मी दिलं असतं. पण आता हाताला सवय झालीय. दुसऱ्या भांड्यात माझं सूप बिघडतं."

मी चमचा उचलला. सूप चांगले झाले होते, हेही खरे. त्यानंतर वोंड्राचेककाकू दर रविवारी ते भांडे भरून माझ्याकडे पाठवू लागल्या आणि दर सोमवारी रिकामे भांडे परत न्यायला यायच्या. आम्ही दोघींनी हे तीसहून अधिक वर्षे केले. मी एखाद्या सोमवारी दार उघडले नसते तर भांडे माझे झाले असते. पण मग पुढच्या रविवारी सूप आले नसते. मी इंग्लंडमध्ये नऊ वर्षे यॉर्कशायरच्या एका कुटुंबाचा स्वयंपाक केला होता. उकडलेल्या कोबीनंतर माणसाचे तत्त्व ढिले होते.

काकू गेल्या तेव्हा त्यांची मुलगी गेर्टी ते भांडे घेऊन वर आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "टिलीताई, हे तुमचं. आईला आम्ही कितीदा सांगितलं. तिला लाज वाटायची, म्हणून ती भरून पाठवायची."

ते भांडे मी गेर्टीला देत आहे. ते आता माझे आहे, म्हणून देता येते. तिने त्यात सूपच करावे. छत्र्या किंवा फुले ठेवू नयेत.

कलम चौथे. चित्र.

माझे वडील छत्र्या बनवत. पावसाने आम्हाला खाऊपिऊ घातले, त्यामुळे वडील चित्रे मात्र फक्त उन्हाची घेत. ढग असलेले चित्र कोणी दाखवायला आणले तर म्हणत, "हे मी दिवसभर दुकानात बघतो." घरात शिरले की डिसेंबरातही भिंतीभिंतीवर जुलै असे. जाणकार लोक त्यांच्या निवडीला हसत. त्यांना एकच चित्र असे मिळाले की ज्याला कोणी हसले नाही. अलोईस केरेनबाख या चित्रकाराचे. ओढ्याकाठी उन्हात उभी असलेली एक बाई, नुकती आंघोळ करून निघालेली. अंगावर काही नाही. वडिलांनी ते जेवणघरात लावले.

मग १९२९ सालच्या पेसाहच्या सणाला आईचे वडील मोरावियाहून यायचे ठरले. ते फार धर्मनिष्ठ. त्यांची खुर्ची नेमकी त्या भिंतीसमोर येत होती. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आईवडिलांचे बोलणे मला पाठ आहे.

"इग्नात्स, बाबा यायच्या आत त्या बाईला काहीतरी घाला."

"ती कला आहे, बेर्टा."

"असेल. पण ती माझ्या बापाच्या ताटासमोर उभी राहणार आहे."

"मग दुसऱ्या खोलीत लावू."

"कुठे? झोपायच्या खोलीत? तिथे तर मुळीच नाही."

वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात चार वर्षे लढले होते, पण आईपुढे त्यांचे काही चालत नसे. कारखान्यात छत्र्यांच्या मुठी रंगवणारे हेर, म्हणजे श्रीयुत, श्टास्नी होते. आईने त्यांना बोलावून घेतले. त्यांनी सणाच्या आदल्या दिवशी त्या बाईच्या खांद्यांवरून गुडघ्यांपर्यंत एक निळी शाल रंगवली. वडील त्या वेळी बाहेर फिरायला गेले होते आणि उशिरा परतले. आजोबा आले, बसले, चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चांगल्या घरातली दिसते. पण पाय ओले आहेत, कोणीतरी पुसा, सर्दी होईल." शाल राहिली ती राहिलीच.

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरले आणि जे झाले ते झाले. मे महिन्यात एक ट्रक आला आणि आमची चित्रे गेली. नेणारी माणसे ओरडत वगैरे नव्हती, एकाने तर पायपुसण्यावर बूट पुसले. त्या दिवशी पाऊस होता. त्यांच्यातला एकजण अर्ध्या जिन्यातून परत वर आला आणि वडिलांना म्हणाला, "छत्री असेल का? चित्र भिजतंय." वडिलांनी खुंटीवरची काढून दिली.

तो गेल्यावर आई म्हणाली, "छत्रीसुद्धा दिलीत?"

वडील म्हणाले, "चित्र भिजलं असतं, बेर्टा."

या गोष्टीवर मी आयुष्यात अनेकदा हसले आहे. पहिल्यांदा हसायला मला फार वर्षे लागली.

फेलिक्सला पॅलेस्टाइनचा परवाना मिळाला, मला इंग्लंडला स्वयंपाकीण म्हणून. मला तेव्हा अंडेही उकडता येत नव्हते. आईवडिलांना कुठलाच मिळाला नाही. १९४२ मध्ये त्यांना रेल्वेने मिन्स्कच्या बाजूला नेले. त्यांच्याविषयी मी इथे आणखी लिहिणार नाही.

परत आल्यावर मी सरकारी संग्रहालयात चौकशी केली. उत्तर असे आले की श्री. इग्नात्स टाउसिग यांनी आपली चित्रे मे १९३८ मध्ये स्वखुशीने भेट दिली. त्या महिन्यात माझ्या वडिलांना दानाचा झटकाच आला असावा. चित्रे दिली, कारखाना दिला, घर दिले, दाढीचा ब्रशही दिला. मी पुन्हा विचारले, तेच उत्तर आले. पुढे ते चित्र संग्रहालयात टांगले गेले, 'निळ्या शालीतली स्त्री' या नावाने. ते प्रसिद्ध झाले. दिनदर्शिकेवर आले, चॉकलेटच्या डब्यावर आले. दर वर्षी आईच्या वाढदिवसाला मी तिकीट काढून ते पाहायला जात असे. साठी उलटल्यावर मला तिकिटात सवलत मिळू लागली, तेवढाच काय तो न्याय.

शेवटी कायदा बदलला आणि १९९९ मध्ये मला संग्रहालयात बोलावणे आले, म्हणून मी वकील घेऊन गेले. तिथे हेर होफराट डॉक्टर प्लाइनर होते. होफराट ही पदवी आहे. ती नावाआधी लावली नाही तर आमच्या शहरात माणूस आजारी पडतो. त्यांनी त्या शालीवर एक पूर्ण पुस्तक लिहिले होते. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांकडचं केरेनबाखचं चित्र जुन्या प्रदर्शनात लागलं होतं. त्या वेळच्या वर्णनात ती स्त्री विवस्त्र आहे. आमच्या चित्रातली शाल पांघरून आहे. म्हणजे ही दोन वेगळी चित्रं. मला खरंच वाईट वाटतं."

मी म्हटले, "हेर होफराट, शाल माझ्या आईनं घातली."

"म्हणजे?"

"आजोबा जेवायला येणार होते."

त्यांनी माझ्या वकिलाकडे सहानुभूतीने पाहिले. मग मला सावकाश समजावून सांगितले की ती निळाई हा केरेनबाखच्या उत्तरायुष्यातला सर्वांत गहन क्षण आहे, तिच्यात डॅन्यूबचे दुःख आहे, आणि तिच्यावर त्यांनी तेरा वर्षे विचार केला आहे.

मी म्हटले, "ती छत्रीच्या मुठीचा रंग आहे. त्या वर्षी मुठी निळ्या निघाल्या होत्या."

कोपऱ्यात संग्रहालयाची चित्रे दुरुस्त करणारी एक तरुण बाई बसली होती, फ्राउ लेखनर. ती म्हणाली, "बघता येईल ना. खांद्यावर थोडंसं पुसून."

यावर होफराट आणि वकील तासभर वाद घालत होते. शेवटी संग्रहालयाच्या समितीने परवानगी दिली. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे चित्राभोवती उभे राहिलो. फ्राउ लेखनरने काडीला कापूस गुंडाळला, कसल्याशा द्रवात बुडवला आणि खांद्यावर फिरवला. कापूस निळा झाला. शालीखालून एक उघडा खांदा वर आला, गुलाबी, उन्हातला, जसा मी लहानपणी सूप पिताना पाहिला होता. होफराटांनी चष्मा काढला, पुसला, आणि दुसरा इलाज नसल्यामुळे परत डोळ्यांवर ठेवला. मला बसायला खुर्ची द्यावी लागली. ती त्यांनीच आणली.

चित्र दीड वर्षाने घरी आले. जिन्यात ते वळत नव्हते, म्हणून डॉ. हुत्स्लरांनी आपल्या दवाखान्याचे दार उघडून तिथून वळवू दिले. त्यामुळे ते काही मिनिटे आपल्या जुन्या जेवणघरात जाऊन आले. खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडे टाकून बसले होते. त्यांनी ते तसेच उघडे ठेवले.

मग फोन सुरू झाले. गिदोनला एका लिलाववाल्याने सांगितले होते की शाल पूर्ण पुसली तर चित्राची किंमत कितीतरी वाढेल.

"आत्या, ती शाल खोटी आहे. मूळ चित्रकाराची नाही. काढून टाकू."

त्याच रात्री त्याच्या बहिणीचा, ड्रोराचा फोन. "आत्या, गिदोनचं ऐकू नकोस. माझ्याकडे मुलींच्या मैत्रिणी येतात, आमचे रब्बी येतात. खांदासुद्धा झाकून घेता आला तर बघ."

मी दोघांचे ऐकून घेतले, उजव्या कानाने. मग चित्रासमोर बसून विचार केला. वडिलांनी हे चित्र निवडले. त्यावर शाल घालण्याचा हट्ट आईचा. भांडे सोडले तर आईच्या हातची, आईच्या स्वभावाची या जगात एवढी एकच गोष्ट उरली आहे. तिचा फोटोही माझ्याकडे नाही. तिचा हट्ट मात्र आहे, चांगला मोठा, गुडघ्यांपर्यंत. म्हणून मी ठरवले आणि या कलमाने बंधनकारक करते की शाल उतरवायची नाही. आणि खांदा उघडला आहे तो झाकायचा नाही. खांदा वडिलांचा, शाल आईची. दोघांनी एका भिंतीवर राहावे, पूर्वी राहत तसे.

चित्र गिदोन आणि ड्रोरा या दोघांना मिळून देत आहे. ते जेवणघरात लावावे, बँकेच्या तिजोरीत ठेवू नये. विकायचे असल्यास दोघांनी त्याच्यासमोर एका टेबलावर बसून शुक्रवारचे पूर्ण जेवण, सूपपासून फळांपर्यंत, एकमेकांशी न भांडता संपवावे आणि मग सह्या कराव्यात. मी या दोघांना जन्मापासून ओळखते. चित्र घरातच राहील.

कलम पाचवे. हेर होफराट डॉक्टर प्लाइनर, आता निवृत्त, यांना मी त्यांच्याच संग्रहालयाच्या दुकानातून विकत घेतलेली छत्री देत आहे, जिच्यावर 'निळ्या शालीतली स्त्री' छापलेली आहे. पहिल्याच वाऱ्यात ती उलटी झाली. माझ्या वडिलांनी असली काडी कारखान्यात शिरू दिली नसती. यात राग नाही. होफराट अजूनही अधूनमधून कॉफीला येतात, चित्रासमोर बसतात, आणि मागच्या वेळी हळूच म्हणाले, "तरीही, बाई, निळा रंग फार चांगला निवडला तुमच्या आईंनी." हे वाक्य बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मी पाहिले आहे. छत्री त्याबद्दल.

कलम सहावे. न सापडलेली चित्रे.

ट्रकमधून गेलेल्या बाकीच्या चित्रांचा पत्ता लागलेला नाही. त्यांचेही मी वाटप करत आहे. माझे नोटरी डॉ. क्राटोखविल याला तयार नव्हते.

ते म्हणाले, "फ्राउ टाउसिग, जे तुमच्याजवळ नाही ते तुम्ही देणार कसं?"

"जवळ नाही, पण माझं आहे की नाही?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आहे."

"मग मी लिहिते."

चेरीच्या झाडाखाली तोंडावर टोपी ठेवून झोपलेला माणूस: गिदोनला. तोही जेवल्यावर असाच पडतो. बाजारातली हंस विकणारी बाई, जिचा चेहरा सर्वांत मोठ्या हंसासारखा आहे: ड्रोराला, आणि यात कसलीही सूचना नाही. इतर सर्व उन्हे दोघांत समान. आणि एक छोटेसे, हातभर चित्र आहे, रिकाम्या खोलीतल्या फरशीवर पडलेल्या उन्हाचे, ज्याच्यासमोर वडील रोज सकाळी मोजे घालत. ते ड्रोराच्या धाकट्या मुलीला, नोगाला. तिला मी फोनवर तसे सांगितले.

ती म्हणाली, "पण ते आहे कुठे, टिलीआजी?"

"माहीत नाही."

"मग मला मिळालं कसं?"

"तुझं आहे म्हणून."

 "कोणाकडे दिसलं तर मागायचं?"

"मागायचं. नीट बोलून."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"पुन्हा मागायचं."

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मोजे घालणाऱ्या आजोबांचं नाव मला नीट लिहून दे. विचारतील ना, कोणाचं म्हणून."

ज्यांच्या भिंतींवर ही चित्रे आज आहेत त्यांना माझी विनंती: ती चुलीच्या धुरात लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, आणि नोगा नावाच्या मुलीचा फोन आला तर उचला. ती आपले नाव इग्नात्सची पणती असे सांगेल.

कलम सातवे व शेवटचे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, असे डॉ. क्राटोखविल वारंवार म्हणाले. तरी मी तीन बोलावले आहेत. ट्रक आला त्या दिवशी या इमारतीत मजल्यामजल्यावर लोक जिन्यात उभे होते, आणि युद्धानंतर विचारले तेव्हा कोणीच काही पाहिलेले नव्हते. म्हणून या तिघांनी मी सही करताना माझ्या हाताकडे पाहावे, जे पाहिले ते आपल्या शब्दांत लिहावे, आणि खाली आपले नाव घालावे. होफराट साक्षीदार व्हायला तयार होते, पण त्यांना छत्री मिळत असल्यामुळे ते चालत नाही. ते खिडकीपाशी बसून कॉफी घेत आहेत.

हे सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, आणि त्यात बदल करावासा वाटला नाही.

व्हिएन्ना, बुधवार, १३ ऑक्टोबर २००४

(सही) ओटिली टाउसिग

साक्षीदार:

मी पाहिले. बाईंनी माझ्यासमोर, चष्मा लावून, सावकाश सही केली. शाई मध्येच संपली, तेव्हा माझे पेन घेतले आणि परतही दिले.
(सही) डॉ. रूडोल्फ हुत्स्लर, दंतवैद्य, दुसरा मजला

मी पाहिले. सही खरी आहे. असे तपासणे हाच माझा धंदा आहे.
(सही) इंग्रिड लेखनर

मी इमारतीची देखभाल करते. मला जर्मन नीट लिहिता येत नाही, डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मी जिना पुसत होते. बाईंचे दार उघडे होते. मी आत आले आणि पाहिले.
(सही) मिलेवा नेदेल्कोविच